बुडबुड्यांच्या सोनोग्राफीला पहिल्यांदा उभं राहताना

राजारामपुरीतल्या आमच्या सेंटरमध्ये नवी सिस्टर किंवा नवा ब्रदर आला की पहिले काही दिवस त्यांना जेल लावणं, पडदा ओढणं, पेशंटला कुशीवर वळवणं एवढंच काम असतं. मग एका संध्याकाळी सर सांगतात, "उद्या कॉन्ट्रास्टची केस आहे, हिला सोबत घ्या." लगेच तिचा प्रश्न येतो, सोनोग्राफीत इंजेक्शन कशाला? कॉन्ट्रास्ट तर सीटी स्कॅनला देतात ना?

सोनोग्राफीलाही देतात. कॉन्ट्रास्ट म्हणजे रक्त कुठं पोचतंय ते चित्रात ठळक दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध. कोल्हापुरात ही तपासणी रोज होत नाही, त्यामुळे शिकायची संधीही रोज मिळत नाही, आणि पहिल्याच केसला हात थरथरतात. हे लिहिते आहे ते अशा नव्या सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन आणि इंटर्न मुलामुलींसाठी. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा मशीनचा भाग, धरणं आणि चित्र वाचणं हे रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे सरांचं काम. ते चित्र नीट उमटेल अशी तयारी करून देणं हे आपलं. नेहमीच्या सोनोग्राफीत काही राहून गेलं तर प्रोब परत ठेवून बघता येतं. इथं औषध शिरेत गेल्यावरचं पहिलं मिनिट एकदाच येतं, म्हणून तयारीला एवढं महत्त्व. पुढची प्रत्येक पायरी त्या एका मिनिटासाठी आहे असं समजून वाचा.

बाटलीत नक्की काय असतं

वायूचे बुडबुडे. आपल्याकडे पोटाच्या तपासणीसाठी ज्याचं नाव जास्त ऐकू येतं त्या सोनोव्ह्यूमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा जड, रक्तात सहज न विरघळणारा वायू असतो आणि त्याभोवती फॉस्फोलिपिडचं पातळ कवच. हेच औषध अमेरिकेत ल्युमॅसन या नावानं विकतात. हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, म्हणजे इकोसाठी, डेफिनिटी आणि ऑप्टिसन ही आणखी दोन नावं कानावर येतील. जपानमध्ये २००७ पासून सोनाझॉइड वापरतात. त्याचे बुडबुडे यकृतातल्या कुप्फर नावाच्या, रक्तातले परके कण साफ करणाऱ्या पेशी गिळून घेतात, त्यामुळे तिथं उशिरापर्यंत चित्र बघता येतं.

आकार लक्षात ठेवा, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. सोनोव्ह्यूचा बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. म्हणजे तांबडी पेशी जिथून जाते तिथून हा बुडबुडाही जातो. हाताच्या शिरेतून हृदयात, फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतून पार होऊन पुन्हा हृदयात आणि तिथून यकृत, मूत्रपिंड, सगळीकडे. पण तो रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाही. सीटीचं आयोडीन आणि एमआरआयचं गॅडोलिनियम वाहिन्यांतून झिरपून आजूबाजूच्या पेशीजालात जातं. बुडबुडा वाहिनीतच राहतो, म्हणून जिथं तो दिसला तिथं रक्त आहे असं खात्रीनं म्हणता येतं.

आणि तो दिसतो कसा? ध्वनिलहरीचा दाब वाढला की बुडबुडा आक्रसतो, कमी झाला की फुगतो. आक्रसणं थोडं आणि फुगणं जास्त, असा तो विषम हलतो. त्यामुळे पाठवलेल्या आवाजाबरोबर दुप्पट वारंवारतेचा आवाजही परत येतो. शरीराचं मांस असा आवाज फारच कमी देतं. मशीनचा कॉन्ट्रास्ट मोड नेमका हाच वेगळा आवाज निवडतो आणि बाकीचं चित्र जवळजवळ काळं करतो. गंमत म्हणजे अडीच-तीन मायक्रॉनचा बुडबुडा साधारण तीन मेगाहर्ट्झच्या आसपास सगळ्यात जोरात थरथरतो, आणि पोटाचा प्रोबही त्याच पट्ट्यात चालतो. शिरेतून जाईल एवढा लहान आणि प्रोबला ऐकू येईल असा बोलका, हा योग जुळून आला म्हणून ही तपासणी आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ तेच डोक्यात होतं.

याची सुरुवात १९६८ सालची. ग्रामियाक आणि शहा या दोन डॉक्टरांनी हृदयाचा इको चालू असताना इंजेक्शन दिलं की महाधमनीच्या मुळाशी ढगासारखे प्रतिध्वनी उठतात अशी नोंद प्रसिद्ध केली. ते इंजेक्शनबरोबर गेलेले बारीक बुडबुडे होते. ते मोठे होते आणि लगेच विरायचे. टिकणारं कवच आणि न विरघळणारा वायू सापडायला पुढं कित्येक वर्षं गेली. सोनोव्ह्यू युरोपात २००१ मध्ये आलं. अमेरिकेत यकृताच्या तपासणीसाठी त्याला मान्यता मिळाली २०१६ मध्ये, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही.

आदल्या दिवशी फोनवर

केस ठरली की आदल्या दिवशी पेशंटच्या घरी फोन करा. आमच्याकडे येणारे निम्मे लोक गडहिंग्लज, गगनबावडा, शाहूवाडी, नाहीतर निपाणीकडून येतात. पहाटेची एसटी धरून माणूस यायचा आणि फाइल घरी राहिलेली असायची, असं होऊ देऊ नका. जुने रिपोर्ट, सीटी-एमआरआयच्या फिल्म आणि चालू गोळ्या सोबत आणायला स्पष्ट सांगा. पोटाची तपासणी असेल तर चार-सहा तास उपाशी. हा उपास बुडबुड्यांसाठी नसतो, आतड्यातला गॅस कमी असावा म्हणून असतो. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊ द्या. साखरेचा पेशंट असेल तर सकाळची पहिली वेळ त्याला द्या.

मग विचारायच्या गोष्टी. आधी कधी असं इंजेक्शन घेऊन त्रास झाला होता का? कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायला जी पावडर पाण्यात कालवून पितात, ती पिऊन अंगावर गांधी उठल्या होत्या का, धाप लागली होती का? हा प्रश्न नव्या मुलींना विचित्र वाटतो. पण त्या पावडरीत पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं आणि सोनोव्ह्यूच्या बाटलीतही त्याच कुळातला मॅक्रोगोल असतो. त्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला हे औषध द्यायचं नाही. सोनाझॉइड असेल तर अंड्याच्या ॲलर्जीचंही विचारावं लागतं.

अलीकडे छातीत दुखून ॲडमिट होते का, फुफ्फुसाच्या रक्तदाबाचा आजार आहे का, बसल्या जागी धाप लागते का, दिवस गेलेत का, हेही विचारा. आणि कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मुतखड्याचे पेशंट कायम असतात, म्हणून एक विसरू नका: लहरींनी खडा फोडायचं ठरलं असेल तर त्याआधीच्या चोवीस तासांत हे बुडबुडे द्यायचे नसतात. 'हो' म्हणून आलेलं प्रत्येक उत्तर कागदावर लिहून सरांपुढं ठेवा. द्यायचं की नाही हे आपण ठरवत नाही, पण विचारायचं राहिलं तर चूक आपली.

क्रिॲटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा, रक्ताचा रिपोर्ट मात्र या औषधासाठी लागत नाही. यात आयोडीन नाही आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत नाही. म्हणून तर किडनी अधू असलेल्या माणसाच्या किडनीतली गाठ बघायला सर हा मार्ग निवडतात. घरचे लोक या सगळ्याला 'डाय' म्हणतात आणि सीटीच्या डायनं शेजारच्या कुणाची किडनी कशी बिघडली ते सांगतात. त्यांना मध्येच तोडू नका. ऐकून घ्या, मग फरक सांगा.

"मुद्दाम बुडबुडं सोडताय व्हय?"

संमतीच्या कागदावर सही घ्यायच्या आधी पेशंटशी बोलणं ही या कामातली सगळ्यात नाजूक पायरी, आणि ती अर्ध्या मिनिटात उरकणाऱ्यांचा मला राग येतो.

कागलकडचे एक मामा आले होते. यकृतात गाठ दिसली होती, सीटीला घालायचं तर क्रिॲटिनिन वाढलेलं. मी समजावायला लागले, तर टेबलावर उठून बसले. "सिस्टर, शिरंत हवा गेली तर मानूस जातोय म्हणत्यात. आनि तुम्ही मुद्दाम बुडबुडं सोडताय व्हय?"

प्रश्न रास्तच होता. सलाईनच्या नळीतला बुडबुडा काढून टाकायचा हे आपणच त्यांना वर्षानुवर्षं दाखवत आलोय. मी त्यांना सलाईनचं थेंबपात्र दाखवलं. "मामा, हा एक थेंब बघा. तुमच्या पूर्ण इंजेक्शनात जी हवा आहे ती याच्या निम्म्यालाही पोचत नाही. आणि तीही रक्तातल्या पेशीहून बारीक कणांत वाटलेली. फुफ्फुसातून फिरताना श्वासावाटे निघून जाते."

हे नुसतं धीर देण्यासाठी बोललेलं नव्हतं. सोनोव्ह्यूच्या २ मिली डोसमधल्या बुडबुड्यांत मिळून १६ मायक्रोलिटर वायू असतो. आपल्या साध्या ड्रिप सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिली, म्हणजे एक थेंब पन्नास मायक्रोलिटरचा. हिशेब तुम्हीच करा. दोन मिनिटांत त्यातला ८० टक्क्यांहून जास्त वायू उच्छ्वासातून बाहेर पडलेला असतो आणि पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा. मामांनी थेंब पडताना नीट बघितला, म्हणाले, "मग घाला," आणि आडवे झाले.

धोका मुळीच नाही, असं मात्र कुणालाही सांगू नका. इटलीत तेवीस हजारांवर तपासण्यांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गंभीर रिॲक्शन दोघांना आली होती. म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी. पण तो एक आपल्या टेबलावर असू शकतो. म्हणून 'क्वचित त्रास होऊ शकतो, त्याची तयारी आम्ही ठेवली आहे' हे वाक्य बोला आणि ती तयारी खरोखर ठेवा. ॲड्रेनलिनची अँप्यूल, सिरिंज, ऑक्सिजन, मास्क, सक्शन, बीपीचं यंत्र, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. कपाटाला कुलूप आणि किल्ली रिसेप्शनला, असली व्यवस्था मला चालत नाही. ट्रॉली त्याच खोलीत हवी.

सुई

डॉक्टर पेशंटच्या उजव्या हाताला बसतात, म्हणून शीर डाव्या हाताची घ्या, कोपराच्या लवणीतली. शिरेत ठेवून द्यायची गुलाबी सुई, म्हणजे २० नंबरची इंट्राकॅथ. निळी, २२ नंबरची, अगदीच शीर सापडत नसेल तर. पिवळी नको. बारीक सुईतून ढकलताना दाब वाढतो आणि बुडबुडे आत जाण्याआधीच फुटतात. औषध पूर्ण गेलं असं आपल्याला वाटतं आणि पडद्यावर काही येत नाही.

थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची तोटी, लावताना औषधाची सिरिंज सरळ रेषेतल्या तोंडाला आणि सलाईनची बाजूच्या तोंडाला. उलटं केलंत तर बुडबुड्यांना काटकोनात वळावं लागतं आणि तिथंही फुटतात. त्याच हाताला बीपीचा कफ बांधू नका. ऐन वेळी तो फुगला की औषध दंडाखालीच अडकतं. शेवटी पाच मिली सलाईन ढकलून शीर मोकळी चालतेय ना, सूज येत नाही ना, ते बघून घ्या. ही चाचणी बाटली उघडण्याच्या आधी करायची.

बाटली हलवणं

पॅकमध्ये पांढऱ्या भुकटीची छोटी बाटली येते, भुकटीवरची मोकळी जागा वायूनं भरलेली. सोबत ५ मिली सलाईनची भरलेली सिरिंज आणि टोचायचा स्पाइक. सलाईन बाटलीत सोडा आणि वीस सेकंद जोरात हलवा. मनातल्या मनात मोजू नका, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मोजा, कारण घाईत वीस सेकंद नेहमी बारा-तेराच होतात. झालं की दुधासारखा पांढरा, एकसारखा द्रव दिसला पाहिजे. तळाला कण दिसत असतील तर वापरायचं नाही.

आता इथं थांबा. बाटली तयार झाली म्हणून लगेच सिरिंजमध्ये भरून ठेवायचा मोह होतो. मी तो एकदा केला आहे. दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. पहिल्या काही केसेसपैकी होती. डोस भरून ट्रेमध्ये आडवा ठेवला. तेवढ्यात आजोबांना खोकल्याची उबळ आली, मग पाणी, मग पुन्हा जागा शोधणं. दहा मिनिटं गेली. मग मी तीच सिरिंज जोडली आणि ढकलली. पडद्यावर धुरकट काहीतरी आलं आणि गेलं. दुसरी बाटली उघडावी लागली. त्या घरानं पहिल्या बाटलीचे पैसे कसे जमवले होते ते मला माहीत होतं, आजोबांच्या सुनेनं सकाळीच सांगितलं होतं. तो दिवस मी विसरलेले नाही.

घडलं असं होतं: बुडबुडे हलके, ते वर येतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून लगेच पेला हातात देतात, तो फेस बघा. फेस आहे तोवर सगळं एकजीव दिसतं, पेला खाली ठेवला की वर फेस आणि खाली दूध. सिरिंजमध्येही तेच होतं. बाटलीतलं औषध सहा तासांपर्यंत वापरता येतं, पण काढायच्या आधी दर वेळी पुन्हा हलवून. आणि काढायचं केव्हा? डॉक्टरांनी गाठ पडद्यावर धरली, कॉन्ट्रास्ट मोड लावला, पेशंटला श्वास कसा घ्यायचा ते शिकवून झालं आणि 'भरा' म्हणाले, तेव्हा. बाटली उलटी धरून, सावकाश ओढा. जोरात ओढल्यानंही बुडबुडे फुटतात. सिरिंजमधून बाटलीत हवा सोडू नका.

पोटाच्या प्रोबला यकृतासाठी नेहमीचा डोस २.४ मिली. नव्या, चांगल्या मशीनवर सर याहून कमीही मागतात. वरवरच्या अवयवांना जास्त वारंवारतेचा प्रोब लागतो, तिथं जास्त लागतं. आकडा सरांच्या तोंडून ऐका, तोच मोठ्यानं परत बोला, मग भरा.

घड्याळ

औषध दोन-तीन सेकंदांत, एका लयीत. पाठोपाठ सलाईन, पाच ते दहा मिली. औषध संपून सलाईन सुरू होतं त्या क्षणी 'सुरू' म्हणा आणि पडद्यावरचं घड्याळ चालू झालं का बघा. दुसऱ्या केंद्रात सुरुवातीचा क्षण थोडा वेगळा धरत असतील. तिथं गेलात तर आधी विचारा. आज एक पद्धत आणि उद्या दुसरी असं मात्र नको, कारण पुढचं सगळं निदान सेकंदांवर चालतं.

इंजेक्शन गेलं की बोलू नका. पेशंटचा हात नुसता धरून ठेवा. खोलीचं दार बाहेरून कुणी उघडणार नाही, मोबाइल वाजणार नाही, एवढं बघा. पहिली साठ सेकंदं प्रोब अखंड चालू असतो आणि सगळं रेकॉर्ड होतं. त्यानंतर सर प्रोब उचलतील, अर्ध्या मिनिटानं परत क्षणभर ठेवतील, पुन्हा उचलतील. नव्यांना वाटतं तपासणी संपली, आणि ते जेल पुसायला कागद पुढं करतात. संपलेली नसते. ध्वनिलहरींनी बुडबुडे हळूहळू फुटतात, म्हणून मधून मधून विसावा द्यायचा असतो. म्हणूनच या मोडमध्ये मशीनची ताकदही अगदी कमी ठेवतात. पडद्याच्या कोपऱ्यात एमआय लिहिलेलं असतं, म्हणजे मेकॅनिकल इंडेक्स. तो ०.१ च्या आसपास दिसेल. नेहमीच्या सोनोग्राफीत तो एकच्या जवळपास असतो. हे सगळं पाच-सहा मिनिटं चालतं.

दुसरा डोस लागला तर आधीचे बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबतात, किंवा सर क्षणभर ताकद वाढवून पडद्यावरचे फोडून टाकतात. चित्र एकदम उजळतं आणि काळं होतं. घाबरू नका, मशीन बिघडलेलं नसतं.

पडद्यावर काय चाललंय

हे वाचायचं काम आपलं नाही, पण काय चाललंय ते कळलं तर पुढच्या सूचनेआधीच हात तयार राहतो.

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाव हिस्सा धमनीतून, बाकीचं आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढतं तेव्हा जुनी माणसं सांगतात ना, आधी तुळशी नदीचं आलं, मग भोगावतीचं, तसं इथंही पाणी कुठल्या वाटेनं आधी आलं ते बघायचं. दहा-वीस सेकंदांनी धमनीतले बुडबुडे येतात. तीस-पंचेचाळीस सेकंदांपासून पोर्टल शिरेतले. दोन मिनिटांनंतर सगळं यकृत एकसारखं उजळलेलं असतं आणि मग चार-सहा मिनिटांत विझत जातं.

गाठ या वेळापत्रकात कुठं वेगळी वागते, त्यावर तिची ओळख. रक्तवाहिन्यांची साधी गाठ, हिमँजिओमा, कडेनं ठिपक्याठिपक्यांनी उजळते आणि सावकाश आतल्या बाजूला भरत जाते. फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया ही दुसरी निरुपद्रवी गाठ मध्यातून बाहेर, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी. यकृताचाच कर्करोग असेल तर बहुतेक वेळा सुरुवातीलाच भडक उजळतो आणि एक मिनिट उलटल्यावर हळूहळू फिका पडतो. दुसरीकडून पसरून आलेल्या गाठी बहुतेक मिनिटाच्या आतच विझतात आणि शेवटी उजळलेल्या यकृतात काळी भोकं दिसतात. साठाव्या सेकंदाला एवढा मान का, ते यावरून कळेल.

म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते. काळी भोकं दिसली तर तोंडावर काही येऊ देऊ नका. पेशंटला पडदा वाचता येत नाही, तो आपला चेहरा वाचतो. बाहेर बसलेली मुलगी विचारते, "सिस्टर, काय निघालं?" तिला सांगायचं, "सर बोलतील, मी तुमच्याजवळ थांबते." आणि खरंच थांबायचं.

मूत्रपिंडाला पोर्टल शीर नाही, त्यामुळे तिथं दोनच टप्पे, आणि बुडबुडे लघवीत उतरत नाहीत म्हणून तिसरा टप्पा नाहीच. पाण्याची गाठ की तिच्या पडद्यांत रक्त खेळतंय, एवढं मात्र झकास कळतं.

इतर बुडबुडे

विकत न घ्यावे लागणारे बुडबुडेही आहेत. तरुण माणसाला पक्षाघात झाला की हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला फट राहिली आहे का ते बघायला इकोच्या खोलीत सलाईनचा बबल टेस्ट करतात. ९ मिली सलाईन, १ मिली हवा, दोन सिरिंज आणि मध्ये थ्री-वे. इकडून तिकडे झपाझप फिरवून फेस करायचा आणि लगेच द्यायचा. हे बुडबुडे मोठे असतात, फुफ्फुसात अडकून विरतात. म्हणून ते हृदयाच्या डाव्या बाजूला दिसलेच तर कुठंतरी आडवाट आहे. तीनेक ठोक्यांत दिसले तर पडद्यातली फट, त्याहून उशिरा दिसले तर फुफ्फुसातली वाट. पेशंटला 'कुंथा' आणि मग 'सोडा' असं सांगावं लागतं. त्याचा सराव आधी करून घ्या, आजीबाईंना आणि लाजाळू पोरांना तर दोनदा.

लहान मुलाची लघवी उलटी किडनीकडं चढते का हे बघताना बुडबुड्यांचं औषध बारीक नळीनं मूत्राशयात भरतात. त्यात क्ष-किरण नाहीत, म्हणून मला ही तपासणी फार आवडते. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघायच्या सोनोग्राफीतही सलाईन किंवा फेस गर्भाशयातून सोडतात.

आणि सोनोग्राफीच्या खोलीत काम करायचं तर १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा माहीत असलाच पाहिजे, तुमची केस यकृताची असली तरी. मशीन, जागा आणि डॉक्टर तिन्हींची नोंद असते. मशीन आपल्या मर्जीनं हलवायचं नाही, प्रोब आपण फिरवायचा नाही, गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ अपुरा ठेवायचा नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. पुढं आपले जिल्हाधिकारी झालेले लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे तपासण्यांची नोंद ठेवणारी यंत्रं, बसवायला लावली, ते याच शहरात. मशीनकडं कुणी का बघतंय म्हणून कुरकुरणारा सहकारी भेटला तर त्याला हा आकडा सांगा.

नंतरचा अर्धा तास

तपासणी झाली की जेल पुसून पेशंटला उठवा, पण इंट्राकॅथ काढू नका. रिॲक्शन यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात येते. तेवढा वेळ त्यांना नजरेसमोर बसवा, जिन्याखालच्या बाकावर नाही. बीपी, नाडी आणि ऑक्सिजन बघा. किंचित डोकं दुखणं, मळमळ, तोंडाला वेगळी चव हे आपोआप जातं. गांधी, ओठ सुजणं, आवाज बसणं, धाप, घाम येऊन बीपी उतरणं यातलं काहीही दिसलं तर आधी हाक मारा, मग आडवं करून पाय उंच आणि ऑक्सिजन. धाप असेल तर बसतं ठेवा. ॲड्रेनलिन मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, एकास एक हजारचं अर्धा मिली, सरांच्या आदेशानं. हा डोस ट्रॉलीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवा. त्या घटकेला पाठ असलेलंही आठवत नाही.

बसल्या बसल्या रजिस्टर भरून घ्या. औषधाचं नाव, बॅच नंबर, किती वाजता बाटली हलवली, किती मिली, किती वाजता दिलं, कुठल्या हाताला, कितीची सुई, काही त्रास झाला का. दुसरा डोस दिला असेल तर त्याची वेगळी ओळ.

अर्धा तास झाला की इंट्राकॅथ काढा आणि कापूस दोन मिनिटं दाबून धरायला सांगा. मग पोटभर जेवू द्या. वेगळं पथ्य नाही. घरी गेल्यावर अंगावर गांधी आल्या किंवा धाप लागली तर थेट जवळच्या दवाखान्यात जायचं, हे कागदावर लिहून द्या. आमचे कागलचे मामा जाताना तो कागद टोपीत ठेवून गेले आणि दारातून परत वळून विचारलं, "त्या बाटलीत थोडं उरलंय, त्ये कुनाला देनार?" मी सांगितलं, कुणालाच नाही, एक बाटली एकाच माणसाची. उरलेलं त्यांच्यासमोर टाकून दिलं.